उमरग्याला एक छप्पर हवं

उमरग्यात लग्न करायचं असेल तर छप्पर मिळतं. पैसे असले तर मंगल कार्यालय, कमी असले तर शादीखाना, अगदीच नसले तर दारात मांडव. नमाजेला मशीद आहे, आरतीला मंदिर आहे, वंदनेला विहार आहे. चहाला हॉटेलं आहेत, गप्पांना टपऱ्या आहेत. पण एप्रिलच्या दुपारी चौदा वर्षांच्या मुलीला तासभर बॅडमिंटन खेळायचं असेल, पावसाच्या झडीत सत्तरीच्या आजोबांना बुद्धिबळाचा डाव मांडायचा असेल, घरकामातून सुटलेल्या बाईला अर्धा तास हातपाय मोकळे करायचे असतील, आणि यांच्यापैकी कुणाच्याच हातात पैसे नसतील, तर त्यांनी जायचं कुठे?

उत्तर माझ्याकडून घेऊ नका. मोजून बघा. आपल्या गल्लीपासून सुरुवात करा आणि हायवेपर्यंत या. फुकट किंवा पाच-दहा रुपयांत, सगळ्या जातिधर्मांना उघडी, बाईमाणसाला सुरक्षित आणि डोक्यावर छत असलेली किती ठिकाणं सापडतात ते बोटांवर मोजा. मी मोजली. एका हाताचीही बोटं उरली.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यासारख्या तीस-पस्तीस हजारांच्या गावाने सार्वजनिक पैशातून एक खेळघर बांधलं पाहिजे. चार भिंती, उंच छत, मॅट, दिवे, पाणी, स्वच्छतागृह आणि शेजारी वाचनाची खोली. हे पाणी, गटार आणि रस्ता यांच्याच यादीतलं काम आहे, त्या यादीच्या शेवटी शोभेला जोडायचं नाही. ही मागणी केली की लोक हसतात. म्हणतात, "मॅडम, इथे नळाला पाणी कधी येतं त्याचा पत्ता नाही आणि तुम्हाला बॅडमिंटन सुचतंय." त्या हसण्याला उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी ऊन. आपल्याकडे मुलांना मोठी सुट्टी मिळते ती एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो नेमका त्याच दिवसांत. मुलांकडे वेळच वेळ असतो आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. मग पाऊस. आपली काळी माती एकदा भिजली की दोन-दोन दिवस मैदानावर चप्पल रुतते. मग हिवाळा. शाळा सुटते पाचला आणि सहाला अंधार. वर्षभराचा हिशेब मांडा. उघड्या मैदानावर शाळकरी मुलाला रोज मिळणारा वेळ किती, ते लक्षात येईल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांची दिवसाला सरासरी 60 मिनिटं चांगली हालचाल झाली पाहिजे. आमची मुलं ही 60 मिनिटं मोबाइलवर अंगठा हलवून पूर्ण करतात.

सुट्टीच्या आधी वर्गात मुलं विचारतात, "टीचर, छुट्टी में करना क्या?" मराठीच्या तासाला हाच प्रश्न मराठीत येतो. मी वाचा म्हणते, खेळा म्हणते. पण कुठे, हे मला सांगता येत नाही. ज्या शिक्षकाला "खेळा" म्हणता येतं पण "कुठे" सांगता येत नाही, त्याचा उपदेश मुलं ऐकून सोडून देतात आणि ते बरोबरच करतात.

आता मुलींचं. मुलगा चिखलात खेळेल, रस्त्यावर खेळेल, बसस्टँडच्या मागे खेळेल. मुलीचा खेळ साधारण सातवीच्या आसपास थांबतो. कुणी फर्मान काढत नाही. आई म्हणते, "आता पुरे झालं." भाऊ म्हणतो, "तिथे पोरं असतात." आणि मुलगी स्वतःच पाय मागे घेते, कारण उघड्या मैदानावर तिच्या धावण्याकडे खेळ म्हणून बघणारे डोळे कमी असतात. हे फक्त आमच्या मोहल्ल्यात होतं असं समजून कुणी सुटका करून घेऊ नये. माझ्या मराठा, लिंगायत, बौद्ध, धनगर मैत्रिणींच्या घरी मी हीच वाक्यं ऐकली आहेत. फरक फक्त ओढणी कशी घेतात एवढाच. 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासानुसार 2022 साली भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57 टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक बायका आळशी आहेत म्हणून पडलेला नाही. बाईला घराबाहेर अंग हलवायला जागा नाही म्हणून पडला आहे. पुढे चाळिशीत तिला साखर निघते, गुडघे धरतात, आणि आपण म्हणतो नशीब.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एक शब्द दोन्ही भाषांत आहे आणि मला तो फार आवडतो. तो म्हणजे तालीम. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, व्यायामशाळा; आणि नाटकवाल्यांची तालीम म्हणजे सराव. एकच अरबी शब्द मराठीत आला आणि त्याने अंगावर माती चोळली. आपल्या पूर्वजांना शिकणं आणि घाम गाळणं ही एकाच घरातली कामं वाटत होती. आपण तालमीची शाळा केली, शाळेच्या मैदानावर वर्गखोल्या बांधल्या आणि आता मुलं लठ्ठ होतात म्हणून डॉक्टरकडे रांग लावतो.

"लहान गावाला हे परवडत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूरला घेऊन जाईन. आजच्या नव्हे, शंभर वर्षांपूर्वीच्या. तेव्हाच्या कोल्हापूरची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती, म्हणजे आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप प्रवासात रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि परत येऊन खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. ते 1912 मध्ये सुरू झालं. त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, ज्याला आपण आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. एकीकडे कुस्ती, एकीकडे नाटक, भिंतीला भिंत लागून. त्या वेळी कोल्हापुरात पाण्याचे, रोगराईचे, दुष्काळाचे प्रश्न नव्हते का? होते. प्लेग नुकताच येऊन गेला होता. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरणही हाती घेतलं आणि खासबागही बांधली. त्यांनी लोकांना "आधी धरण होऊ द्या, मग बघू" असं सांगितलं नाही. हेच महाराज 1906 मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची संस्था उभी करण्यामागे होते. शिक्षण आणि आखाडा, दोन्ही अर्थांची तालीम त्यांना कळली होती. आजही कोल्हापूरच्या बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजे दोन्ही बसतात. जिथे माणसं एकत्र घाम गाळतात तिथे सलोख्याच्या परिषदा भरवाव्या लागत नाहीत.

2024 च्या ऑगस्टमध्ये त्या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. सार्वजनिक इमारत जळाली म्हणून लोक रडतात, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते. आपल्या गावात अशी कोणती इमारत आहे जी जळाली तर आपण रडू?

कुणी म्हणेल, आपले खेळ मातीतले, त्यांना छत कशाला? तर मातीतले खेळच आता छताखाली गेले आहेत. कबड्डी केव्हाच मॅटवर आली. 2025 च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तो दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये, मॅटवर, दिव्यांच्या प्रकाशात. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. आपल्या धाराशिव जिल्ह्याचं खो-खोतलं नाव तर देशभर आहे. सारिका काळे याच जिल्ह्यातली. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्याने अशी मुलगी दिली, त्या जिल्ह्यातल्या मुली मातीवर सराव करून मॅटवरच्या स्पर्धेला जातात. मातीतला बूट वेगळा, मॅटवरचा वेगळा. पकड वेगळी, वळण वेगळं. मग निवड चाचणीत पाय घसरला की आपण म्हणतो, ग्रामीण भागातल्या मुली कमी पडतात.

आपल्या निजामी मुलुखातलंच दुसरं उदाहरण निजामाबादचं. तिथल्या निखत झरीनने 2022 मध्ये इस्तंबूलला आणि 2023 मध्ये दिल्लीला बॉक्सिंगचं जगज्जेतेपद मिळवलं. ती हायद्राबाद किंवा मुंबईत वाढलेली नाही. जिल्ह्याच्या गावातली मध्यमवर्गीय मुस्लिम घरातली मुलगी आहे. तिच्या फोटोखाली आमच्या समाजातले लोक अभिमानाने "माशाअल्लाह" लिहितात. लिहायलाच हवं. पण ज्या रिंगमध्ये ती उभी राहिली तशी रिंग आपल्या मुलीसाठी कुठे आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

आता थोडं लांब जाऊ. आइसलँड हा देश वस्तीने आपल्या एखाद-दोन तालुक्यांएवढा. तिथे आपल्या उलट अडचण. आपण उन्हाने घरात, ते थंडी आणि अंधाराने घरात. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात दारू पिऊन नशा केल्याचं पाहणीत सांगितलं होतं. 23 टक्के मुलं रोज सिगारेट ओढत होती. 2016 पर्यंत हेच आकडे 5 टक्के आणि 3 टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना केवळ व्याख्यानं दिली नाहीत. रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधन घातलं, आईवडिलांना सोबत घेतलं आणि शाळा सुटल्यानंतरच्या वेळेसाठी खेळ, संगीत, नृत्य यांच्या सोयी उभ्या केल्या. रेकयाविकने तर प्रत्येक मुलामागे छंदवर्गासाठी पैसे दिले. केप्लाविक गाव ज्या नगरपालिकेत येतं तिची वस्ती त्या वेळी दहा-बारा हजार होती. तिथे 2000 मध्ये पूर्ण आकाराचं फुटबॉल मैदान छताखाली बांधलं गेलं. मग इतर गावांतही तशी मैदानं झाली. 2018 मध्ये हाच देश फुटबॉलच्या विश्वचषकात खेळला. मला विश्वचषकाचं फार कौतुक नाही. मला त्या 42 वरून 5 वर आलेल्या आकड्याचं आहे.

आपल्याकडे गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. बंदी आहे आणि पुड्याही आहेत. 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. चांगलं केलं. पण मुलाच्या हातातून एक गोष्ट काढून घ्यायची तर दुसरी हातात ठेवावी लागते, हे घरातल्या आजीलाही कळतं. टपरीवर उभा राहणारा सतरा वर्षांचा मुलगा वाईट नसतो. त्याला उभं राहायला तेवढीच जागा असते.

आता आक्षेपांकडे येते. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप पाण्याचा. आपला जिल्हा दुष्काळी, हे मी नाकारत नाही. पण 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद शेड बांधली तर तिच्या छताचं क्षेत्र 600 चौरस मीटर होतं. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छतावर 4 लाख 20 हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वजा केलं तरी तीन लाख लिटर जमिनीत किंवा टाकीत उतरवता येतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. खेळघर पाणी पळवत नाही, नीट बांधलं तर देतं. त्याच छतावर सौर पॅनेल बसवले तर दिवे आणि पंख्यांचा मोठा खर्च निघतो. आणि उन्हाचा देश म्हणून रडणाऱ्या आपल्याला उन्हाचा एवढा तरी फायदा व्हावा.

या 600 चौरस मीटरमध्ये काय बसतं तेही सांगते. खो-खोचं जुन्या मापाचं मैदान 27 बाय 16 मीटर. कबड्डीचं 13 बाय 10. बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 बाय 6.10, म्हणजे मोकळी जागा सोडून तीन कोर्टं. एकाच मॅटवर वेगवेगळ्या रंगाच्या रेघा मारल्या की सकाळी एक खेळ, संध्याकाळी दुसरा. कडेला टेबल टेनिसची दोन टेबलं आणि भिंतीलगत कॅरमचे चार बोर्ड. जागा साधारण साडेसहा हजार चौरस फूट. मार्केट यार्डात धान्यासाठी आपण याहून मोठ्या शेड बांधतो. सोयाबीन भिजू नये म्हणून छत लागतं हे पटतं, मूल उन्हात भाजू नये म्हणून छत लागतं हे पटत नाही.

दुसरा आक्षेप: "टर्फ आहे की, जिम आहे." आहे. तासाचे पैसे मोजून आहे, आणि तिथे जाणारे बहुतेक तरुण पुरुष आहेत. खाजगी धंद्याला मी नाव ठेवत नाही. पण खाजगी दवाखाना आहे म्हणून कुणी सरकारी दवाखाना बंद करा म्हणत नाही. हमालाच्या मुलीला, विडी वळणाऱ्या बाईच्या नातवाला टर्फचा दर परवडत नाही.

तिसरा आक्षेप: "सरकारने क्रीडा संकुलाची योजना केली आहे ना?" केली आहे. प्रत्येक तालुक्याला संकुल हे राज्याचं धोरण आहे आणि 2022 मध्ये तालुका संकुलासाठीची अनुदानाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर नेली गेली. म्हणजे पैसाच नाही हे रडगाणं खरं नाही. पण महाराष्ट्रातली कितीतरी संकुलं गावापासून लांब, जिथे जमीन स्वस्त मिळाली तिथे बांधली गेली. तिथे मुलगी चालत कशी जाणार? आणि गेली तर कुलूप कोण उघडणार? इमारतीला बजेट असतं, चावीवाल्याला नसतं. बागेतल्या ओपन जिमचंही तेच. उद्घाटनाला हार, वर्षभरात गंज.

चौथा आक्षेप आमच्या मोहल्ल्यातून येतो, तोही झाकून ठेवत नाही. "मुलींनी खेळणं शोभत नाही." ज्यांना दीनचा आधार हवा त्यांनी हदीसचे संग्रह उघडावेत. पैगंबरांनी (स.) हजरत आयेशांबरोबर (र.) धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा पैगंबर जिंकले. ज्या घरातून आपण धर्म घेतला त्या घरात बाई धावली होती. पडद्याची काळजी असेल तर तीच खेळघराच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट आहे. भिंत आहे, दार आहे, बायकांचा वेगळा तास आहे, शिकवणारी बाई आहे. उघडं मैदान तुम्हाला चालत नाही आणि बंद खेळघर तुम्ही मागत नाही. मग सरळ सांगा की मुलीने हलूच नये असं तुम्हाला वाटतं.

पाचवा आक्षेप कायद्याचा. काही शहाणे सांगतात की हे पालिकेचं कामच नाही. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. त्यात नगरपालिकांकडे द्यायच्या 18 विषयांत उद्याने, बगिचे, खेळाची मैदाने अशा नागरी सोयी आहेत आणि त्याच्या लगेच पुढे सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देणं आहे. काम पालिकेचंच आहे. जमिनीचा मार्गही कायद्यात आहे. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे होणाऱ्या विकास आराखड्यात मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी आरक्षणं टाकली जातात. पण दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. राज्यभर अशी मैदानं गुपचूप प्लॉटिंगमध्ये गेली आहेत. त्यांचा जनाजाही निघाला नाही, कारण ती होती हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणून आराखडा बघायला शिका. नकाशावरचा हिरवा ठिपका तुमच्या मुलाचा आहे.

पैशाच्या इतर वाटाही आहेत. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी पालिकेला रक्कम राखून ठेवावी लागते. शिलाई मशीन वाटून फोटो काढण्याऐवजी त्यातला वाटा महिला प्रशिक्षकाच्या पगाराला आणि रॅम्पला द्या. अल्पसंख्याक वस्त्यांसाठी केंद्राचा प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम आहे, त्यात खेळाच्या सोयी बसतात. आमचे पुढारी त्यातून बहुधा कब्रस्तानची भिंत किंवा शादीखाना मागतात. मेलेल्यांची आणि लग्नाळूंची सोय झाली. मधल्या आयुष्याचं काय?

या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वांत जास्त टोचते ती आता सांगते. आपल्या गावातली छतं वाटली गेलेली आहेत. हे या समाजाचं सभागृह, ते त्या समाजाचं मंगल कार्यालय, हा शादीखाना, ते अमक्यांचं भवन. प्रत्येकाला आपल्या जातीचं छत आहे. गावाचं छत नाही. माझ्या उर्दूच्या वर्गातला मुलगा आणि शेजारच्या मराठी शाळेतला मुलगा एकाच गावात पंधरा वर्षं वाढतात आणि एकमेकांचं नावही त्यांना माहीत नसतं. पूर्वी ते नदीवर, विहिरीवर, जत्रेत, उरुसात भेटायचे. आता ते एकमेकांना फक्त व्हॉट्सॲपवरच्या बातम्यांतून ओळखतात, आणि त्या बातम्या काय असतात हे तुम्हाला माहीत आहे. मग एखाद्या मिरवणुकीच्या दिवशी पोलीस शांतता समितीची बैठक बोलावतात. तीच दहा माणसं, तोच चहा. शांतता समितीत दाढ्या पिकलेली माणसं बसवून काय उपयोग? पोरांना कॅरमच्या बोर्डावर समोरासमोर बसवा. ज्याच्याबरोबर आपण राणीसाठी भांडलो, त्याच्या घरावर दगड टाकणं जड जातं. मी भाबडी नाही. खेळाने दंगे संपतात असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की चेहरा ओळखीचा असला की अफवा गिळणं अवघड होतं.

आणखी एक आठवण या मुलुखाला करून द्यावी लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपला तालुका आणि शेजारचा औसा उद्ध्वस्त केला. त्यानंतर माणसं महिनोन्महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. ज्या भागाने हे भोगलं त्या भागातल्या प्रत्येक गावात भूकंप सोसणारी, मोठी, मोकळी, पाणी-संडास असलेली एक सार्वजनिक इमारत असायलाच हवी. रोज खेळासाठी आणि संकटात निवाऱ्यासाठी. परदेशात क्रीडागृहं असंच दुहेरी काम करतात. आपल्याकडे संकट आलं की आपण शाळा ताब्यात घेतो, आणि मुलांचा अभ्यास हे दुसरं संकट होऊन बसतं.

तेव्हा नुसतं "खेळघर द्या" म्हणून थांबू नका. देताना काय देतात ते बघा. माझ्या अटी या.

गावाच्या आत, चालत जाता येईल अशी जागा. बांधकामाच्या ठरावातच पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद. एक पुरुष आणि एक महिला प्रशिक्षक, दोघंही पगारी. दारावर वेळापत्रक लावलेलं: पहाटे ज्येष्ठ, सकाळी मैदान नसलेल्या शाळा, दुपारी बायका, संध्याकाळी मुली आणि मुलगे आपापल्या तासांना, रात्री कामावरून आलेले तरुण. वाचनखोली रात्री उशिरापर्यंत उघडी, कारण स्पर्धा परीक्षेची मुलं घरात तीन भावंडांत अभ्यास करू शकत नाहीत. दिव्यांगांसाठी रॅम्प आणि त्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह. छत उंच, उष्णता अडवणारं, वाऱ्याला वाट असलेलं. नाहीतर पत्र्याखाली मुलं उकडून निघतील. देखरेखीला समिती, तिच्यात निम्म्या बायका आणि दोन विद्यार्थी.

आणि सर्वांत महत्त्वाची अट. लग्नाला भाड्याने द्यायचं नाही. वाढदिवसाला नाही, मेळाव्याला नाही, मतदारांच्या स्नेहभोजनाला नाही. माझ्या घरचं लग्न असलं तरी नाही. ज्या दिवशी मॅटवर पहिली पंगत बसली त्या दिवशी खेळघर संपलं असं समजा. मंगल कार्यालयं गावात पुरेशी आहेत.

नाव कुणाचं द्यायचं यावर भांडण होईल, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणून सुचवते, नाव देऊच नका. नुसतं "उमरगा खेळघर" लिहा. ज्यांना नावासाठी आंदोलन करायचं आहे त्यांनी ते प्रशिक्षकाच्या पगारासाठी करावं.

चौकात कमान उभी राहते तेव्हा कुणी विचारत नाही की आधी पाणी का नाही. सुशोभीकरणाच्या निविदा निघतात तेव्हा दुष्काळ आठवत नाही. एखाद्या चषकाच्या बॅनरवर तीस नेत्यांचे फोटो लागतात आणि चषक संपला की मैदानावर स्टंपची भोकं उरतात. पाणी आठवतं ते फक्त मुलांसाठी काही मागितलं की. ही आपली सवय मोडायला हवी.

म्हणून यापुढे कुणी दारात मत मागायला आलं की दोनच प्रश्न विचारा. खेळघरासाठी आराखड्यात जागा कुठे आहे, आणि चावी कुणाकडे असेल? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्यांनी नकाशा पाहिलेला नाही. दुसऱ्याला उत्तर नसेल तर त्यांना फक्त फीत कापायची आहे. चहा पाजून परत पाठवा आणि जाताना सांगा की आमच्या घरात मत देणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांनाही खेळायचं आहे.